पाणी सगळ्यांच्या घरात, भरपाई सातबाऱ्यावर

कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातला पावसाळा दोन आकड्यांवर जगतो. एक सांगलीच्या आयर्विन पुलाचा, दुसरा कोल्हापुरात कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्याचा. आयर्विनला ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका. राजारामला ३९ आणि ४३. जुलै लागला की हे आकडे तासातासाला मोबाइलवर फिरू लागतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनची पातळी ५७ फूट ६ इंचांवर गेली, राजारामची ५५ फूट ७ इंचांवर. २०२१ च्या जुलैत राजाराम ५६ फुटांच्याही वर गेला आणि आयर्विन ५५ च्या आसपास थांबला. त्याआधीचा, सगळ्यांच्या बोलण्यात येणारा महापूर २००५ चा. तेव्हा सांगलीत पाणी ५३ फुटांच्या वर होते.

या दोन्ही मोजपट्ट्या शहरातल्या. खालच्या अंगाला शिरोळ तालुक्यात राहणाऱ्याला हे आकडे आपल्या गावापुरते उतरवून घ्यावे लागतात. आयर्विनला अमुक झाले की आपल्याकडे स्मशानभूमीला पाणी, आणखी दोन फूट चढले की शाळेच्या पायरीला, त्यापुढे गेले की जनावरे हलवायची. प्रत्येक गावाचे हे गणित वेगळे आणि ते कुठल्याही सरकारी तक्त्यात नाही.

महापुराने शहर-खेडे, गरीब-श्रीमंत सगळ्यांना एका पातळीवर आणले, असे प्रत्येक पुरानंतर भाषणांतून सांगितले जाते. पाण्यापुरते ते खरेही आहे. सांगलीच्या मारुती रोडवरचा कापडवाला आणि कवठेगुलंदचा ऊसवाला एकाच आठवड्यात बुडतात. पण पाणी ओसरल्यापासून पुढच्या दोन-तीन वर्षांचा हिशेब मांडला तर दोघे एकाच पुरात होते असे म्हणवत नाही. शहर आणि खेड्यातले अंतर या नदीकाठी पुराने निर्माण केलेले नाही. मात्र प्रत्येक पूर ते थोडे रुंद करून जातो. आणि हे अंतर महापालिकेच्या हद्दीवर थांबत नाही, ते गावाच्या आतून, कधीकधी एका घराच्या आतूनही जाते.

पूर का येतो, यावर या भागात इतके बोलून झाले आहे की इथे थोडक्यात आटपतो. महाबळेश्वरहून निघालेल्या कृष्णेला कऱ्हाडात कोयना मिळते, हरिपूरला वारणा, नृसिंहवाडीला पंचगंगा. दूधगंगा आणखी खाली, राज्याच्या हद्दीजवळ. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांची प्रयाग चिखलीला पंचगंगा होते. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस, १०५ टीएमसीचे कोयना, ३४ टीएमसीचे वारणा आणि इतर धरणांतून एकाच वेळी सुटणारे पाणी, आणि कऱ्हाडच्या खाली जवळजवळ सपाट होणारे पात्र, असा हा मामला आहे. त्यात पुढे कर्नाटकातले अलमट्टी. २००५ पासून सांगली-कोल्हापुरात अलमट्टीच्या फुगवट्याला दोष देण्यावर सर्वपक्षीय एकमत आहे. २०१९ नंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने मात्र त्या पुराचे मुख्य खापर अलमट्टीवर फोडले नाही. अभूतपूर्व पाऊस आणि पूरक्षेत्रातली अतिक्रमणे यांकडे बोट दाखवले. समितीचे म्हणणे अनेकांना पटले नाही आणि अलमट्टीची उंची वाढवण्याविरुद्धची आंदोलने अजून चालू आहेत. माझ्या मते अलमट्टीचा वाद संपला तरी इथला प्रश्न संपणार नाही. पण तो वाद सोयीचा आहे. दोष राज्याच्या हद्दीबाहेर टाकला की हद्दीच्या आत कुणाला नाही म्हणायची वेळ येत नाही.

काठावरच्या जुन्या गावांना पूर नवा नव्हता. शेतीची काळी नदीलगत आणि वस्तीची पांढरी उंचवट्यावर, हीच गावे वसवण्याची रीत होती. मळीच्या रानाला पुराचा गाळ मिळायचा, आणि कृष्णाकाठच्या वांग्यांची चव त्या गाळातून येते असे आजही सांगितले जाते. पाणी चढले तर गुऱ्हाळाची काहील नाव म्हणून वापरायची, ही कोल्हापूरकडची पद्धत. नृसिंहवाडीत तर नदी देवळात शिरून उत्तरेकडून पादुकांवरून दक्षिणेला बाहेर पडली की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि लोक त्या पाण्यात स्नानाला गर्दी करतात. पूर हा घाबरण्याचाच विषय असता तर त्याचा सोहळा झाला नसता. अर्थात हा जुना काळ फार गोंडस करून सांगू नये. तेव्हाही गावकुसाबाहेरची वस्ती सखलातच होती आणि पाणी पहिल्यांदा तिच्याच दारात यायचे.

बदल झाला तो पाण्यामुळेच, पण पुराच्या नव्हे, उपशाच्या. सहकारी पाणीपुरवठा संस्था निघाल्या, नदीवर मोटारी बसल्या, साखर कारखाने उभे राहिले आणि नदीकाठचे रान बारमाही उसाखाली गेले. गावातले घर सोडून लोक मळ्यात राहायला गेले. गोठा तिथे, बंगला तिथे, ट्रॅक्टरची शेडही तिथेच. पूर्वी पूर आला तर पीक जायचे आणि घर पांढरीवर राहायचे. आता घर, पीक, जनावरे, मोटार, पाइपलाइन सगळे एकाच पातळीवर आले. पाणी वाढायला लागले की पहिली धावपळ नदीवरच्या मोटारी काढण्याची. रात्रीतून पाणी चढले तर मोटार आणि स्टार्टर दोन्ही गाळात.

शहरांनी हेच आणखी मोठ्या प्रमाणावर केले. पूररेषांचा नियम असा: नदीपासून निळ्या रेषेपर्यंत, म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीपर्यंत, बांधकाम निषिद्ध. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे, म्हणजे १०० वर्षांतल्या पुरापर्यंत, अटींवर परवानगी. नियम वाचायला सरळ आहे. प्रत्यक्षात कोल्हापुरात जयंती नाल्याच्या दोन्ही अंगांना, रमणमळा-नागाळा पार्ककडे, सांगलीत कर्नाळ रोड, शामरावनगर, दत्तनगरकडे शहर वाढत गेले. अटी पाळून बांधायचे म्हणजे जोते पूरपातळीच्या वर घ्यायचे आणि त्यासाठी भराव टाकायचा. एका प्लॉटचा भराव हा शेजारच्या प्लॉटचा पूर असतो, आणि शहरातल्या सगळ्या भरावांनी अडवलेले पाणी कुठेतरी जाऊन पसरतेच. बहुतेक वेळा ते समोरच्या काठावरच्या शेतात पसरते.

शामरावनगरसारख्या भागाकडे बघताना एक गोष्ट नजरेआड होते. सांगलीतली गुंठेवारी ज्यांनी विकत घेतली त्यांतले कितीतरी जण खेड्यातून आलेले आहेत. शेतीत भागत नाही म्हणून शहरात आलेल्याला विश्रामबागची जमीन परवडत नव्हती, सखलातला गुंठा परवडला. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशा वसाहती नियमित करायची सोय झाली. कागद नियमित झाले, जमिनीची उंची होती तीच राहिली. म्हणजे गावातल्या पुरातून उठून तो माणूस शहरातल्या पुरात येऊन बसला. शहर म्हणजे सुखी आणि खेडे म्हणजे दुःखी, अशी वाटणी करून हा विषय मांडला तर हा माणूस कुठल्याच रकान्यात बसत नाही.

रस्त्यांचेही तसेच. २०१९ मध्ये पुणे-बंगळूर महामार्ग शिरोली पुलाची या गावाजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला, ट्रकच्या रांगा लागल्या, मुंबई-पुण्याला दूध कमी पडले, गोव्यात भाजी आणि दुधाची टंचाई झाली. तेव्हापासून मागणी एकच, रस्ता उंच करा. मागणी रास्त आहे. पण उंच करायचा तो भराव घालून की कमानींवर, हा प्रश्न शहरातून प्रवास करणाऱ्याला पडत नाही. ज्याचे रान त्या भरावाच्या वरच्या अंगाला आहे त्याला पडतो. भराव घातलेला महामार्ग त्याच्यासाठी धरणच. म्हणून पूरपट्ट्यातून नवा रस्ता निघाला की गावकरी आधी मोऱ्या किती आणि केवढ्या हे विचारतात. त्यांना विकासाचे विरोधक म्हणून मोकळे होणे सोपे असते.

आता प्रत्यक्ष पुराचे दिवस. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात, येरळा आणि कृष्णेच्या संगमावरच्या ब्रह्मनाळमध्ये बोट उलटून डझनाहून अधिक माणसे बुडाली, त्यांत बायका आणि मुले होती. बोट बचाव दलाची नव्हती, गावातली होती. मावतील त्याहून जास्त माणसे तिच्यात चढली, कारण दुसरी बोट कधी येणार हे कुणालाच सांगता येत नव्हते. त्या आठवड्यात एनडीआरएफ, लष्कर, नौदल सगळे या दोन जिल्ह्यांत उतरले आणि शिरोळच्या गावांतून त्यांनी हजारो माणसे काढली, हे नोंदवलेच पाहिजे. दोन्ही जिल्हे मिळून चार लाखांच्या घरात माणसे हलवावी लागली. इतक्या मोठ्या कामात यंत्रणा आधी कुठे पोचते? जिथे रस्ता आहे, जिथून फोन लागतो, जिथे कॅमेरा आहे, तिथे. हे कुणी दुष्टाव्याने ठरवत नाही, पण क्रम तोच पडतो. ब्रह्मनाळनंतर अनेक ग्रामपंचायतींना बोटी मिळाल्या आणि २०२१ मध्ये पाणी वाढण्याआधीच गावे रिकामी झाली. तेवढे यंत्रणा शिकली.

गाव रिकामे करणे म्हणजे शहरात वाटते तसे सोपे नसते. शहरातले कुटुंब कागदपत्रांची पिशवी, मोबाइल, चार कपडे घेऊन नातेवाइकांकडे जाते. गावातल्या कुटुंबाकडे दोन म्हशी, एक गाभण गाय, पाच शेळ्या असतात. म्हैस बोटीत बसत नाही. ट्रॅक्टरमधून ती न्यायची तर पाणी रस्त्यावर येण्याआधी, म्हणजे अजून पूर आलाच नाही असे वाटत असताना निघावे लागते. नंतर छावणीत तिची वैरण कोण देणार, धार काढलेले दूध घालायचे कुठे, संकलन केंद्र बंद, टँकर अडकलेला. म्हणून घरातला एक माणूस मागे राहतो, बहुतेकदा म्हातारा. प्रशासन त्याला हट्टी म्हणते. त्या म्हशीवर घराचा महिना चालतो, हे प्रशासनालाही ठाऊक असते.

आणि मग पाणी ओसरते. इथून पुढे बातम्या थांबतात आणि खरे अंतर सुरू होते.

२०१९ मध्ये सरकारने तातडीची मदत जाहीर केली ती ग्रामीण कुटुंबाला १० हजार आणि शहरी कुटुंबाला १५ हजार. घर पडलेल्यांना भाड्यासाठी ग्रामीण भागात २४ हजार, शहरात ३६ हजार. पंतप्रधान आवास योजनेत तेव्हा मुळातच ग्रामीण घराला १ लाख २० हजार आणि शहरी घराला सगळे मिळून अडीच लाख. शहरात भाडे जास्त, खर्च जास्त, म्हणून हा फरक, असे त्याचे समर्थन केले जाते. भाड्याबाबत ते मान्य करता येईल. पण सिमेंटचे पोते आणि सळई खेड्यात स्वस्त मिळत नाहीत. वाहतूक धरली तर महागच पडतात. शिवाय खेड्यातल्या घरात फक्त माणसे राहत नाहीत. तिथे बियाणे असते, खताची पोती, वर्षाचे धान्य, वैरण, कडबा. शहरातल्या बैठ्या घराचा पंचनामा अर्ध्या तासात होतो. गावातल्या घराच्या पंचनाम्यात तलाठ्याने ‘घर अंशतः बाधित’ लिहिले की आत भिजलेले वर्षभराचे जोंधळे आणि तांदूळ त्या तीन शब्दांत मावून जातात. त्याच साली मोफत धान्यासाठी घर दोन दिवस पाण्यात असण्याची अट वाचून लोक संतापले होते; अट जुन्या निकषांतून आलेली होती, आणि ती लिहिणाऱ्याने दीड दिवस पाण्यात राहिलेली कोठी कधी उघडून पाहिली नसावी.

उसाचा हिशेब आणखी अवघड. आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, म्हणजे ऐन पुराच्या तोंडावर. कोवळे रोप आठवडाभर पाण्याखाली राहिले की कुजते. मोठा ऊस तग धरतो, पण पाणी शेंड्यावरून गेले आणि पोंग्यात माती बसली की वाढ थांबते, कांडीवरचे डोळे फुटतात, आत दशी पडते. लांबून रान हिरवे दिसते आणि वजन नसते. आपत्तीच्या केंद्रीय निकषांप्रमाणे त्या वेळी बागायती पिकाला हेक्टरी १३ हजार ५०० रुपये होते आणि मर्यादा दोन हेक्टरची. एकरी साडेपाच हजारही नाहीत. एकरी ४० टन आणि टनाला अडीच हजार धरले तरी उभ्या पिकाची किंमत लाखावर जाते. २०१९ मध्ये राज्याने एक हेक्टरपर्यंतचे पीककर्ज माफ केले आणि कर्ज नसलेल्यांना निकषाच्या तिप्पट रक्कम दिली, त्यामुळे त्या साली थोडा दिलासा मिळाला. पण तो त्या सालचा निर्णय होता, दरवर्षीचा हक्क नव्हे. पीकविम्याचा आधार म्हणावा तर ज्या पिकावर या खोऱ्याचे सगळे अर्थकारण उभे आहे तो ऊस महाराष्ट्रात विमा योजनेच्या पिकांत नाहीच.

नुकसान इथे संपत नाही. हंगाम सुरू झाला की पूरबाधित ऊस आधी तोडा अशी मागणी होते, कारखाने ती मान्यही करतात. पण चिखलात लोळलेला, मातीने माखलेला ऊस तोडायला टोळी तयार होत नाही. झालीच तर नेहमीपेक्षा जास्त खुशाली, म्हणजे मजुरीवरचे पैसे, मागते. तिचेही चूक म्हणवत नाही, मजुरी टनावर आणि टन भरत नाही. तोड लांबली की वजन आणखी घटते, रान मोकळे व्हायला उशीर होतो आणि पुढची लागण हुकते. ऑगस्टच्या एका आठवड्याने शेतकऱ्याची दोन वर्षे खाल्लेली असतात. त्यात शिरोळ पट्ट्यात क्षारपड जमिनीचे दुखणे जुने आहे. पाणी साचून राहणाऱ्या रानात पूर ते वाढवतो. शिरोळच्या दत्त कारखान्याने गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने सच्छिद्र पाइप घालून अशी जमीन पुन्हा पिकाखाली आणायचे मोठे काम उभे केले, पण खर्चाचा वाटा शेतकऱ्याला उचलावा लागतो आणि एकरभराच्या मालकाला तो जड जातो.

शहरातल्या व्यापाऱ्याचे नुकसान कमी होते असे मला म्हणायचे नाही. सांगलीच्या गणपती पेठेत आणि कोल्हापूरच्या व्हीनस कॉर्नर-शाहूपुरीत एकेका दुकानात लाखोंचा माल कुजला. २०२१ च्या पॅकेजमध्ये दुकानदाराला जास्तीत जास्त ५० हजार आणि टपरीला १० हजार मिळाले, तेही पुरेसे नव्हते. फरक वेगळ्या ठिकाणी आहे. दुकानाचा विमा उतरवता येतो. उतरवला नाही ही चूक, पण सोय असते. नवा माल उधारीवर मिळतो. दिवाळी तीन महिन्यांवर असते. वीज शहरात आधी येते, शेतीपंपाची सर्वांत शेवटी. आणि दुकान कुणाच्या नावावर आहे यापेक्षा ते कोण चालवतो हे पंचनामा करणाऱ्याला समोर दिसते.

शेतात हे दिसत नाही. शेतीची भरपाई सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते. जमीन वाट्याने किंवा खंडाने करणाऱ्याने बियाणे घातले, खत घातले, भांगलण केली, पण त्याचे नाव कुठेच नाही. व्यवहार तोंडी असतो. लेखी केला तर कूळ लागेल ही मालकाची भीती. पैसे मालकाच्या खात्यात जमा होतात. भला मालक त्यातले काही देतो, नाही दिले तर मागायचे कुठे? शेतमजुराचे तर आणखी सरळ: त्याचे पीकच नव्हते, म्हणून नुकसानही नव्हते. सानुग्रह अनुदान मिळाले, पुढचे सहा महिने कामच नाही. भांगलणीला जाणाऱ्या बायका या सगळ्या कागदांत कुठे असतात, हे शोधायला गेल्यास काही सापडत नाही.

पुराचे पंधरा दिवस सोडून उरलेल्या वर्षातही नदी दोघांना वेगळी भेटते. कोल्हापूर शहराची गंमत अशी होती की महापुरात नळाला पाणी नसायचे, कारण बालिंगा-शिंगणापूरची उपसा केंद्रेच पुरात बुडायची. शहराने त्यावर मार्ग काढला. दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइन आणली, २०२३ अखेर तिचे पाणी आले. शहर आता वरून धरणाचे पाणी घेते आणि वापरलेले पाणी खाली पंचगंगेत जाते. कसबा बावड्याला आणि दुधाळीला प्रक्रिया केंद्रे आहेत, तरी नाले थेट नदीत मिसळण्याच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. इचलकरंजीचे सांडपाणी पुढे त्यात भर घालते. उन्हाळ्यात तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडतो आणि मग आंदोलन, नमुने, नोटिसा. खालच्या गावांना दुसरी नदी नाही.

इचलकरंजीकडे मात्र केवळ दोषी म्हणून बघता येणार नाही. २०१२ मध्ये तिथे काविळीची साथ येऊन कितीतरी माणसे दगावली. या शहराला स्वच्छ पाणी हवे, यात वाद नाही. त्यांनी वारणेचे मागितले, तर दानोळीसह वारणाकाठची गावे रस्त्यावर उतरली. मग दूधगंगेवर सुळकूडची योजना आली, तर कागलकडची गावे उभी राहिली. त्यांचा प्रश्न होता, कोल्हापूर आधीच काळम्मावाडीचे नेते, आता तुम्हीही, मग आमच्या उसाला काय? याला खेड्यांचा आडमुठेपणा म्हणून शहरातली वर्तमानपत्रे हातोहात निकाल देतात. मला तो विरोध सगळाच बरोबर वाटत नाही. पिण्याच्या पाण्याआड ऊस येऊ नये. पण शहराने आधी आपली नदी नासवली आणि आता दुसऱ्याची मागितली, या मुद्द्याला अजून कुणी सरळ उत्तर दिलेले नाही.

आता गावाच्या आत. शिरोळ तालुक्यातल्या सधन शेतकऱ्याने २००५ नंतरच जयसिंगपूरला प्लॉट घेतला. शाहू महाराजांनी वसवलेली ही पेठ उंचावर आहे, शाळा-दवाखाने-रेल्वे हाताशी. २०१९ नंतर ज्यांचे राहिले होते त्यांनीही सांगली, इचलकरंजी, कोल्हापूर असे कुठेतरी दुसरे घर केले. पोरे तिथे शिकतात, सून तिथे राहते, बाप रोज मोटारसायकलने शेतावर येतो. सातबारा गावात, मतदान गावात, स्वयंपाकघर शहरात. पूर आला की हे कुटुंब आधीच कोरड्यात असते. गावात उरतात ते दुसरे घर न परवडणारे: अल्पभूधारक, वाटेकरी, मजूर, आणि जनावरांपाशी थांबलेले आईबाप. सरपंच, सोसायटीचा चेअरमन, कारखान्याचा संचालक यांच्यातले बरेच जण रात्री गावात नसतात. गावाची गरज मांडणारेच गावाबाहेर झोपायला लागले की बंधाऱ्याजवळच्या वस्तीचा रस्ता उंच करायचा ठराव कितव्या क्रमांकावर येतो, हे सांगायला नको.

पुनर्वसनाचे काय, असा प्रश्न येतो. करवीर तालुक्यातल्या चिखली आणि आंबेवाडीला १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला जागा मिळाली. २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही गावे पुन्हा पाण्यात होती आणि माणसे त्याच सोनतळीवर आसऱ्याला गेली. तीस वर्षांत गाव का हलले नाही? शेत खाली, घर वर, मधे अंतर. भूखंडावर घर बसते, गोठा बसत नाही. कुटुंबे वाढली, भूखंड तेवढेच. काहींचे कागद अजून वादात. नियोजन करणाऱ्यांनी घर म्हणजे झोपायची जागा धरली, आणि शहरात ते तसे असतेही. म्हशीसकट हलवायच्या गावाचा आराखडा अजून कुणी काढलेला नाही. काढायचाच असेल तर सामाईक गोठे, वैरणीची जागा, दूध संकलन आणि शेतापर्यंत जाणारा उंच रस्ता यांपासून सुरुवात करावी लागेल. घरांचे चौकोन नंतर.

शहराच्या बाजाराचा अनुभवही सांगण्यासारखा आहे. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे, जमिनीखालच्या खड्ड्यांत वर्षानुवर्षे हळद सांभाळणारी ती व्यवस्था, २००५ च्या पुराने मोडली आणि व्यापार शीतगृहांकडे गेला. बाजाराला पर्याय मिळाला, कारण भांडवल होते. पेवांवर राबणाऱ्यांना कुठला पर्याय मिळाला, याची नोंद बाजाराने ठेवली नाही.

सध्याचा मोठा बेत जागतिक बँकेच्या साह्याने कृष्णा खोऱ्यातले पुराचे पाणी दुष्काळी भागाकडे वळवण्याचा आहे. कल्पना चुकीची नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली बुडत असताना त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला जत-आटपाडीकडे टँकर आणि चारा छावण्या चालू होत्या. पण पुराच्या दिवसांत नदीतून जाणारे पाणी लाखो क्युसेकमध्ये असते आणि उपसा योजनांचे पंप काही हजारांत मोजतात. महापूर त्याने फूटभर उतरला तरी खूप झाले. त्याचा खरा उपयोग जतला होईल, शिरोळला नाही, आणि हे शिरोळला स्पष्ट सांगून टाकलेले बरे.

त्यापेक्षा स्वस्त कामे पडून आहेत. गावोगाव पूररेषेचे दगड आणि आयर्विन-राजारामशी जोडलेला गावाचा स्वतःचा तक्ता. जनावरांसाठी कायमच्या उंच जागा. रस्त्याच्या भरावाला मोऱ्या दाखवल्याशिवाय मंजुरी नाही, एवढा साधा नियम. आणि पंचनाम्यात प्रत्यक्ष कसणाऱ्याची नोंद. शेवटचे काम तर फक्त कागदाचे आहे. २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा, क्षेत्र भरायचे, नोंद सातबाऱ्यावर चढते. फोटो बहुतेक वेळा वाटेकऱ्याचा पोरगाच काढून देतो, कारण मालक जयसिंगपुरात असतो. नोंद होते ती मात्र खातेदाराच्या नावाने, आणि पुढच्या पुराची यादी त्याच नोंदीवरून निघेल.